थोरल्याचं अंगडं

दशरथ नाईकाचा जन्म कोरगावचा, हे घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चाळीत बारक्या पोरांनाही ठाऊक होतं. कारण त्याची आई, शांताबाई, ते सांगायची एकही संधी सोडत नसे. नळावर पाणी भरताना सांगायची, तांदूळ निवडताना सांगायची, कुणाच्या बाळंतिणीला बघायला गेली तर हमखास सांगायची. सासर आरोंद्याचं, सावंतवाडी संस्थानातलं. माहेर तेरेखोलच्या खाडीपलीकडचं, पेडण्याजवळचं कोरगाव. मधे फक्त एक होडी, पण होडीतून उतरलं की राज्य बदलायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. "तेव्हा माझो झील पाखल्यांच्या राज्यात जल्माक इलो," असं ती म्हणायची, आणि पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज हे ज्याला कळत नसेल त्याला तेही समजावून द्यायची.

शेजारची मालन एकदा तिला म्हणाली होती, "आजी, पाखले गेले, संस्थान गेलं, आता गिरणी पण गेली. तुमचा राजपुत्र आहे तिथंच आहे." शांताबाई हसली होती. चारचौघींत कुणी चेष्टा केली तर हसून घ्यायची तिची रीत होती.

गिरणी गेली हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. संप सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले, दिवाळीपर्यंत मिटेल. दिवाळ्या येत राहिल्या. दशरथ साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होता. चार साच्यांवर एकटा उभा राहणारा माणूस घरात बसला आणि घर त्याला पुरेना. मग विक्रोळीच्या एका कारखान्यात माल उतरवायचं काम मिळालं, तेही असलं तर असलं. त्याची बायको सुलक्षणा नकली मोत्यांच्या माळा ओवायला घरी आणायची. ती लालबागची, गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. पण नवऱ्याचं एक बघून तिचाही धीर सुटत चालला होता. तो बोलेनासा झाला होता. कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. मीराला, त्यांच्या मुलीला, अभ्यासात काही अडलं तर ती बापाला विचारायचीच बंद झाली होती.

अशात एका रविवारी बोस्त्यांव आला. हा दशरथाचा साचाखात्यातला जुना जोडीदार, गोव्यातल्या मांद्र्याचा ख्रिश्चन, राहायला कुर्ल्याला. त्याचा मोठा भाऊ बरीच वर्षं लिस्बनला होता आणि आता बोस्त्यांवही निघाला होता. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "यार दशरथ, तू पेडण्याचा जन्मलेला ना? मग इथं हमाली का करतोयस? गोवा घेतला त्याच्या आधी जो तिथं जन्मला तो त्यांच्या कायद्यानं त्यांचाच. जन्माची नोंद दाखवायची, बस."

"मी नाईक आहे रे. डिसोझा नाही."

"नोंदीत जात विचारत नाहीत. जागा विचारतात." बोस्त्यांव मग पोर्तुगालचं सांगत सुटला. भाऊ तिथं इमारतीच्या कामावर आहे. पुढल्या वर्षापासून ते युरोपच्या मोठ्या बाजारात जाणार, मग कामच काम. थंडी नाही इंग्लंडसारखी. वर्षातले नऊ महिने ऊन, पण अंगाला घाम नाही. रस्त्यावर शेगड्या मांडून पेडवे, तारल्या भाजतात, वासानं आपल्याच बंदरावर आल्यासारखं वाटतं. "दोन वर्षांत सगळ्यांना घेऊन जा. मीरा तिकडं शिकेल. आजी पण."

सुलक्षणाच्या हातातली सुई थांबली होती. दशरथ भिंतीकडे पाठ करून बसला होता, पुष्कळ महिन्यांनी. त्यानं वळून आईला विचारलं, "आये, माझो जल्म कोरगावचोच मा?"

शांताबाई परातीत तांदूळ घेऊन बसली होती. जन्मभर जे नळावर सांगितलं ते आता मुलानं विचारलं होतं. ती म्हणाली, "होय तर. खयचो असतलो?" आणि एक खडा तांदळात तसाच राहिला.

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण शांताबाई ते सांगणार नव्हती. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि खोटं बोलतो आहोत असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

तिचं पहिलं बाळंतपण कोरगावात झालं हे खरं. मुलगा झाला हे खरं. गोऱ्यांच्या अमलात जन्माची नोंद चुकवली तर दंड व्हायचा, म्हणून तिचा भाऊ दुसऱ्याच आठवड्यात धोतर सावरत पेडण्याला जाऊन नोंद करून आला, हेही खरं. बाळाचं नाव दशरथ. तिसरा महिना सरला तेव्हा होडीतून बाळ आरोंद्याला आलं, आणि चार दिवसांत तापानं फणफणून गेलं. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत. खाडीच्या काठी एका उंडलीच्या झाडाखाली त्याला ठेवलं. पुरायला नेण्याआधी तिच्या सासूनं, राधाबाईनं, तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन बाळाच्या पोटरीवर ठिपका लावला. गेलेलं मूल परत त्याच कुशीत येतं आणि येताना ठिपका घेऊन येतं, ही आपल्या बाया-बापड्यांची समजूत. सासूनं सुनेला बजावलं, "रडा नको. रडलंस तर तेका वाटतला, आपणाक हाकललो. मगे येवचो नाय."

शांताबाई रडली नाही. सतरा-अठरा वर्षांची पोर, छातीत दूध साकळलेलं, आणि रडायची बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

दोन-एक वर्षांनी दुसरा झाला. पहिल्याच्या वेळी माहेर लाभलं नाही म्हणून या वेळी तिला होडीत बसू दिलं नाही. हा आरोंद्याच्याच घरात, माजघरात जन्मला. राधाबाईनं कंदील जवळ घेऊन नातवाचे पाय तपासले आणि पोटरीवर काळा डाग दिसताच बाहेर जाऊन साऱ्या वाडीला सांगितलं, "इलो गो माझो दशरथ, परत इलो." तेच नाव ठेवलं. पहिल्यासाठी आजोळहून आलेलं अंगडं, कोरगावच्या आजीच्या जुन्या लुगड्याचं, पेटीतून काढून त्याला घातलं. शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली तर बापानं, लवूनं, कोरगावची सांगितली. तो एकच मुलगा होता ना, मग तारीख तरी दुसरी कुठली असणार? सरकारदरबारी दशरथ दोन वर्षांनी म्हातारा झाला, एवढंच.

एक गोष्ट मात्र शांताबाईला माहीत होती आणि ती तिनं गिळली होती. सासूनं काजळी लावली ती डाव्या पोटरीवर. दुसऱ्याचा डाग उजव्या पोटरीवर होता. सासूला उजवी आठवत होती, नवऱ्यानं बघितलंच नव्हतं. सुनेनं सासूच्या तोंडावर डावी म्हणायची ती पद्धत नव्हती. आणि म्हणून करायचं काय? मूल परत आलं आहे असं सगळं घर म्हणत असताना आईनंच कशाला नाही म्हणायचं? तिनं त्याला छातीशी धरलं. पुढं तिला मूल झालं नाही. नवरा गेला, सासू गेली, मुलगा गिरणीत लागला, आणि ती नळावर कोरगावचं सांगत राहिली. तसं सांगताना पहिल्याचं नाव तोंडात यायचं. आपण कुणाचं नाव घेतो आहोत हे ऐकणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं.

दशरथ पेडण्याला जाऊन नोंदीची नक्कल घेऊन आला. आला तोच मुळी शीळ घालत. दाढी केलेली, डोक्याला तेल. "आये, मिळाला गो. चाळीस वर्षांचा पुस्तक, पण पान शाबूत." पुढं दिल्लीला पोर्तुगालच्या वकिलातीत कागद गेले, दिल्लीहून आले. पासपोर्ट झाला. बोस्त्यांवच्या भावानं तिकडून राहण्याची सोय कळवली. चाळीत बातमी पसरली आणि मालन म्हणाली, "लोकांनी जीव देऊन पाखल्यांना हाकललं आणि आमचा दशरथ त्यांच्याच दारात चाललाय." पण तीही दुसऱ्या दिवशी आपल्या भाच्यासाठी चौकशी करून गेली.

घर हसायला लागलं होतं. मीरा नकाशात लिस्बन काढून दाखवायची. दशरथ तिला साच्यावरच्या गोष्टी सांगायचा, संपात आपण काय केलं ते सांगायचा, तीन वर्षांत जे बोलला नाही ते सगळं बोलायचा. सुलक्षणा एकदा मोती ओवता ओवता म्हणाली, "आई, खरं सांगू? मला पोर्तुगाल-बिर्तुगाल काही नको होतं. पण हा माणूस परत माणसात आला. देवानं एवढं केलं ना, माझं भरून पावलं."

शांताबाई तेव्हा सांगणार होती. ओठावर आलं होतं. सुलक्षणाचं हे ऐकलं आणि ते परत आत गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि या मुठीत तर सगळ्या घराचा जीव होता. उघडली तर दशरथ परत भिंतीकडे तोंड करून बसणार. त्याला खोटेपणाचा भारी तिटकारा होता. संपात पुष्कळजण मागल्या दारानं कामावर गेले, हा गेला नाही. आईनं नोंद तुझी नव्हे म्हटलं की तो कागद बाजूला ठेवील, हे तिला पक्कं माहीत होतं.

पण गप्प राहणंही तिला जमेना. एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं मीराला ती नक्कल वाचून दाखवायला सांगितलं. पोर्तुगीजमधलं मीराला काय कळणार, पण नावं कळत होती. "हे बघ आजी. दशरथ. हे आजोबांचं नाव. हे तुझं. हे कोरगाव." शांताबाईनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. त्या मुलाचं या जगात एवढंच होतं. फोटो नाही, दगड नाही, पाटावर कधी त्याच्या नावानं पान वाढलेलं नाही. अंगडं भावानं घातलं, नाव भावानं घेतलं, आईचं दूध भावाला गेलं. एक ओळ तेवढी राहिली होती पेडण्याच्या पुस्तकात, आणि आता तीही चालली होती. आपण आई आहोत की कोण, असं तिला वाटलं. ती पोटच्या पोराची चोरी उघड्या डोळ्यांनी बघत होती आणि चोरही पोटचाच होता.

दशरथ निघायच्या आधीच्या रविवारी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मोठ्या कामाला निघताना कोकणातला माणूस देवाला आणि पितरांना सगळं सांगून निघतो. कोण निघाला, कुणाचा कोण, कुठं चालला, सगळं नीट सांगायचं, म्हणजे तिकडून लक्ष ठेवायला बरं पडतं. एकुलता असला तरी पहिला मुलगा गाऱ्हाण्यात थोरलाच. गाऱ्हाणं घालायला मुलुंडहून सीताराम आला होता. लवूचा चुलतभाऊ, तरुणपणीच मुंबईला आलेला, आता घरातला तोच वडीलधारा. देव्हाऱ्यापुढे पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ, पानाचा विडा. दशरथ नवा शर्ट घालून उभा राहिला. सुलक्षणा, मीरा, मालन, बोस्त्यांव असे सगळे हात जोडून मागं उभे. बोस्त्यांवनं गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत घातला आणि तोही हात जोडून राहिला.

सीतारामनं घसा खाकरला. "बा देवा, आई सातेरी, नाईकांच्या मूळपुरुषा, ह्या घरातले जे कोण गेलेसवरलेले आसात, ते सगळे आज हंयसर येवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तुमच्या नावान हो नारळ ठेवलो आसा. तो मान्य करून घेवा म्हाराजा."

"होय म्हाराजा."

शांताबाई डोळे मिटून उभी होती. गेलेसवरलेले सगळे या, असं सीताराम म्हणाला होता, आणि तिला ते येताना दिसत होते. नवरा आला, दाराशी चपला काढून. सासू आली. सासूच्या कडेवर तो होता. तीन महिन्यांचा, अंगड्याशिवाय, उघडा. चाळीस वर्षं कुणी बोलावलं नव्हतं, आज नावानं नाही तरी बोलावलं होतं, म्हणून आला होता.

"ह्या लवू नाईकाचो थोरलो झील दशरथ," सीताराम म्हणाला, "सात समुद्रापलीकडे परमुलखात चल्लो आसा म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सगळे म्हणाले. शांताबाई म्हणाली नाही. त्या कडेवरच्या पोरानं आपलं नाव ऐकून मान वळवली होती. आता त्याला सांगणार काय, की तुला नव्हे रे बोलावलं?

"तेच्या वाटेत काय काटोकुटो आसात तर तो बाजूक..."

"थोरलो नाय," शांताबाई म्हणाली.

सीताराम थांबला. गाऱ्हाणं मधे तोडत नाहीत. दशरथानं मागं वळून बघितलं.

"थोरलो नाय तो. धाकलो," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो दुसऱ्या कुणाचा वाटला. "कोरगावात जल्मलो तो येगळो. तो गेलो. ह्यो आरोंद्यात जल्माक इलो. माका दोन झील, सीतारामभावजी. देवाक बरोबर सांगा."

सीताराम वयानं आणि अनुभवानं मोठा माणूस. त्यानं काय ओळखलं ते त्यालाच ठाऊक, पण गाऱ्हाणं अर्धवट ठेवायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. त्यानं परत हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाला, "लवू नाईकाचो धाकलो झील चल्लो आसा म्हाराजा. आणि थोरलो जो तुमच्याकडे आसा, तेका सांभाळून घेवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," एकटी शांताबाई म्हणाली, आणि पाटाजवळ बसून रडायला लागली. राधाबाईनं घातलेली बंदी त्या दिवशी सुटली.

नारळ तसाच राहिला. माणसं पांगली. मग तिनं सगळं सांगितलं, होडी, ताप, काजळी, उंडलीचं झाड. दशरथ ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं नवा शर्ट काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

सुलक्षणानं त्या रात्री सासूला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. "आई, चाळीस वर्षं गप्प बसलात ना? अजून चार दिवस बसला असता तर काय बिघडलं असतं? मेलेल्याचं नाव घेतलंत आणि जिवंताची वाट लागली." शांताबाई तांदूळ निवडत राहिली. सुनेचं चुकलं नव्हतं. तिच्या जागी आपण असतो तर याहून कडू बोललो असतो, असंही तिला वाटलं.

बोस्त्यांव दोनदा येऊन गेला. "यार, कुणाला काय कळणार? नाव तेच, आई-बाप तेच. तिकडं कोण पोटरी बघतंय?" दशरथ नुसता मान हलवायचा. तिकीट पासपोर्टात घालून ट्रंकेवर ठेवलेलं होतं, आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला वळसा घालून चालायचा.

दशरथ आईजवळ येऊन बसला तो मंगळवारी संध्याकाळी. ती ओट्यावर बसली होती. चाळीच्या त्या बाजूला दिवसातून घटकाभरच ऊन यायचं, तेवढ्यात ती पाय उन्हात ठेवून घ्यायची. त्यानंही पाय उन्हात ठेवले. मग म्हणाला, "कसो होतो तो?"

हे तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं. "गोरो होतो," ती म्हणाली. "नाक सरळ. तुझ्यासारख्या बसक्या नाय. दूध पिताना माझा बोट धरून ऱ्हवायचो. तू कधी धरूक नाय. तू पयल्यापासूनच हात-पाय झाडणारो."

"म्हणजे तुका म्हायत होता. पयल्यापासून."

"आवशीक म्हायत नाय तर कोणाक म्हायत?"

दशरथानं पँट वर करून आपल्या उजव्या पोटरीवरचा डाग बघितला. लहानपणापासून त्या डागाचं कौतुक होत आलं होतं. आजी आल्यागेल्याला दाखवायची. तो म्हणाला, "मी आजपर्यंत तेचाच खाल्लंय मगे. नाव तेचा, तारीख तेची. तुझी मायासुद्धा..."

"माया तुझी तुका दिली," ती मधेच म्हणाली. "तेची तेका देवची ऱ्हवली होती. ती परवा दिली."

उन्हाचा पट्टा तिच्या पायांवरून सरकून भिंतीला लागला. दशरथानं शेवटी विचारायचं ते विचारलं. "आये, मी काय करू? ह्या कागदावर जाऊ? ता माझा नाय. तुझो हक्क आसा, तू सांग. तू नको म्हणशीत तर आजच तिकीट परत करतंय, आणि परत कधी तोंडातून काढूचंय नाय."

म्हणजे परत तिच्यावरच आलं. शांताबाईला वाटलं, देव एकदा परीक्षा घेऊन थांबत का नाही. नको म्हटलं तर हा इथं राहील, डोळ्यांसमोर, भिंतीकडे तोंड करून. जा म्हटलं तर पहिल्याची ती एक ओळही जाईल. तिनं विचार केला तो देवाचा नाही आणि सरकारचाही नाही. तिनं पेटीतल्या त्या अंगड्याचा विचार केला. दुसऱ्याच्या अंगावर ते घातलं तेव्हा आपल्याला राग आला होता का? आला नव्हता. बरं वाटलं होतं, कुणाच्या तरी अंगाला लागलं म्हणून.

"थोरल्याचा आंगडा धाकल्यान घालूचा आसता," ती म्हणाली. "घराघरात घालतत. तेका कोण चोरी म्हणत नाय. तो वापरूक ऱ्हवलो नाय, तू वापर. पण ता तेचा आसा, ह्या इसरू नको."

"नाय इसरूचंय."

"थंय पोचलंस काय पयलो घास तेका काढ. दादा म्हणून काढ. आजपर्यंत तेका कोणी दादा म्हणूक नाय."

दशरथानं मान खाली घातली. अडतिशीचा माणूस, घरातला एकुलता एक म्हणून वाढलेला, वडील गेल्यापासून सगळ्यांचा भार वाहिलेला. आपल्यालाही कुणी मोठं होतं हे त्याला त्या दिवशी कळलं. तो उठून आत गेला आणि पाटावरचा तो राहिलेला नारळ त्यानं फोडला. फोडताना काय म्हणाला ते बाहेर ऐकू आलं नाही. सुलक्षणा मात्र ऐकत होती. तिनं खुंटीवरचा शर्ट काढून परत इस्त्री करायला घेतला, आणि मग सासूसाठी चहा टाकला.

निघायच्या दिवशी सकाळीच सगळे सहारला गेले. बोस्त्यांवची माणसं वेगळ्या गाडीनं आली होती. विमानतळाच्या दाराशी ही गर्दी. आखातात जाणारे, हार घातलेले, रडणारे, फोटो काढणारे. आत फक्त जाणाऱ्यालाच सोडत होते. दशरथानं मीराला जवळ घेतलं, सुलक्षणाशी दोन शब्द बोलला, सीतारामच्या पाया पडला आणि मग आईच्या. शांताबाईनं त्याच्या कपाळावर बोट टेकवलं. "ऊन पडता मा थंय?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "पडता गो. भरपूर." ती म्हणाली, "मगे बरा."

दारातल्या शिपायानं पासपोर्ट उघडून नाव मोठ्यानं वाचलं, "दशरथ लवू नाईक," आणि फोटोकडे बघून त्याला आत सोडलं. शांताबाईनं ते नाव ऐकलं. काचेतून पाठ दिसत होती तोवर ती बघत राहिली. मग इतर पाठींत ती पाठ मिसळली.

गर्दी मागं सारायला एक हवालदार आला. म्हातारी बाई कठड्याला धरून रडते आहे हे बघून त्यानं आवाज उतरवला. "मुलगा गेला का आजी?"

"दोन गेले," शांताबाई म्हणाली.

हवालदारानं मान हलवली आणि तिला धरून बाजूच्या बाकावर बसवलं. सुलक्षणा पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ आली. तिनं सासूला पाणी पाजलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.